उजव्या हाताची क्यूसू

आईने क्यूसू पहिल्यांदा उचलली ती डाव्या हाताने. त्यात नवल काहीच नव्हतं, आई डावखुरीच आहे. भाजी चिरते डाव्या हाताने, सुईत दोरा ओवते डाव्या हाताने, पोळी लाटून तव्यावर टाकते तीही डाव्याच हाताने. पण क्यूसू उचलून तिने कपाकडे वळवली आणि अर्ध्यातच थांबली. तोटी कपाकडे येईना. मनगट बाहेर वळवून, कोपर वर उचलून तिने कसाबसा अर्धा कप ओतला आणि भांडं ओट्यावर ठेवत म्हणाली, "तूच ओत बाई. मला नाही जमायचं हे."

मी ओतला. आणि ओतता ओतता आठवलं, तोकोनामेत त्या माणसाने मला हे विचारलं होतं.

क्यूसू म्हणजे जपानी पानांचा चहा मुरवायचं मातीचं छोटं भांडं. आपल्या किटलीचा दांडा वर असतो किंवा तोटीच्या बरोबर मागे. हिचा दांडा बाजूला असतो, तोटीशी जवळजवळ काटकोन करून. माझी क्यूसू तांबड्या मातीची आहे, झिलई नसलेली, ओंजळीत मावेल एवढी. तिच्यात दोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी बसतं, म्हणजे दोन छोटे कप, घोटभर इकडे-तिकडे. मुठीत दांडा धरायचा, अंगठा झाकणावर टेकवायचा आणि मनगट आतल्या बाजूला जरासं वळवायचं. कोपर हलत नाही, खांदा हलत नाही. एका हाताचं काम. दुसरा हात मोकळा राहतो.

हे सगळं उजव्या हातासाठी. डाव्या हातात हेच भांडं दिलं की तोटी शरीरापासून लांब, बाहेरच्या बाजूला जाते.

मी दुभाषी आहे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात जपानी अभियंत्यांचं बोलणं आपल्या लोकांना आणि आपल्या लोकांचं त्यांना सांगणं हे माझं काम. त्याच कामासाठी काही वर्षांपूर्वी चार महिने जपानच्या आयची प्रांतात होते. आठवडाभर डोक्यात दोन भाषा घुसळल्या जायच्या, रविवारी मात्र मी कुणाशी फारसं न बोलता एखाद्या गावी जाऊन यायचे. तशीच एका रविवारी नागोयाहून मेइतेत्सु कंपनीच्या गाडीत बसले आणि अर्ध्या-पाऊण तासात तोकोनामेला उतरले. चिता द्वीपकल्पाच्या काठावरचं हे गाव. समोरच समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर 2005 पासून विमानतळ आहे, त्यामुळे बरेच प्रवासी या गावावरून पुढे जातात आणि गाव राहून जातं.

जपानमध्ये सहा जुन्या भट्ट्यांची गावं मानाची समजली जातात. सेतो, शिगाराकी, एचिझेन, तांबा, बिझेन आणि तोकोनामे. (यातलं बिझेन ओकायामात येतं. ओकायामा म्हटलं की पुणेकरांना सिंहगड रस्त्यावरचं जपानी पद्धतीचं उद्यान आठवेल, त्याच ओकायामाशी आपली मैत्री.) तोकोनामेत बाराव्या शतकापासून भांडी भाजली जातात. आधी मोठाले रांजण, नंतर नळ, विटा, फरशा आणि क्यूसू. टेकडीवर एक चढती भट्टी जपून ठेवली आहे. 1887 साली बांधलेली, 1974 पर्यंत पेटत होती. उतारावर एकामागे एक अशा आठ खोल्या आणि वरच्या टोकाला ओळीने दहा धुरांडी. आत वाकून पाहिलं तर भिंतींवर शंभर वर्षांच्या राखेचा काचेसारखा थर चढलेला दिसतो. भट्टीनेच भट्टीला झिलई दिली आहे.

पण मला त्या गावात सगळ्यात आवडली ती तिथली चढण. दोकान-झाका म्हणतात तिला, म्हणजे नळांची चढण. एका बाजूच्या भिंतीत मेइजी काळातले, म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचे मातीचे जाड नळ रचलेत, दुसऱ्या बाजूला दारूच्या मातीच्या बरण्या. पायाखालीही भट्टीतल्या टाकाऊ कड्या रुतवल्या आहेत, पाय घसरू नये म्हणून. नळ म्हणजे गटाराचे नळ. कोइए होजू नावाच्या कारागिराने योकोहामाच्या परदेशी वस्तीसाठी असे नळ बनवायला घेतले आणि तोकोनामेचा तो मोठा धंदा झाला. त्याच कोइए होजूने 1878 साली चीनमधून जिन शिहेंग या जाणकाराला बोलावून घेतलं, यीशिंगच्या चहाभांड्यांची रीत शिकायला. चाक न वापरता मातीचा पत्रा थोपटून पातळ करायचा, तो गुंडाळून भांड्याचं अंग उभं करायचं, अशी ती रीत. गटाराचा नळ आणि चहाची क्यूसू एकाच माणसाच्या मनात, एकाच मातीतून. मला हे फार मोठं वाटतं. माती तीच असते. एक नळ शहराखाली कायमचा गाडला जातो आणि एक भांडं रोज सकाळी कुणाच्यातरी हातात येतं.

तांबड्या मातीची क्यूसू त्याआधीच तिथे आली होती. 1854 साली सुगिए जुमोनने ती पहिल्यांदा केली असं मानतात. तेव्हा जपानभर सेनचाचं, म्हणजे वाफवून, मळून, सुकवलेल्या पानांच्या चहाचं वेड पसरलेलं होतं. त्या चहाची रीत क्योतोकडच्या उजि गावाजवळच्या नागातानी सोएन या शेतकऱ्याने 1738 साली बसवली. पानं घोटून भुकटी करण्याचा माच्चा वेगळा. सेनचाची पानं पाण्यात मुरवून गाळून घ्यायची, म्हणून त्याला मुरवायचं भांडं हवं, आतच गाळणी असलेलं, धार नेमकी पडणारं. क्यूसू त्या गरजेतून घडत गेली. दीडशे वर्षांनी, 1998 साली, तोकोनामेचे तिसरे यामादा जोझान यांना याच क्यूसूसाठी जपान सरकारने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. पसाभर आकाराच्या चहाच्या भांड्यासाठी एवढा मान. ते 2005 मध्ये गेले.

त्या चढणीच्या वरच्या अंगाला एक छोटं दुकान होतं. पुढे फळीवर क्यूसू मांडलेल्या आणि मागे पडदा सारलेला, पलीकडे कामाची जागा. साठीच्या पुढचे एक गृहस्थ आत बसून झाकण घासत होते. मी नमस्कार केला, जपानी बोलतेय म्हटल्यावर त्यांनी हात न थांबवता मला आत यायची खूण केली.

ते झाकण घासणं मी बराच वेळ पाहत बसले. आता तिथे क्यूसूचं अंग, झाकण, तोटी आणि दांडा हे चारही भाग चाकावर वेगवेगळे काढतात. दांडासुद्धा चाकावर, आतून पोकळ, म्हणजे हलका राहतो आणि तापत नाही. तोटी जिथे जोडायची तिथे अंगाला बारीक भोकांची मातीची चाळण बसवतात. मग जोड ओल्या मातीने सांधतात. सुकताना आणि भाजताना माती आक्रसते, आणि कितीही जपलं तरी झाकण तोंडावर तंतोतंत बसत नाही. म्हणून झाकण आणि अंग एकत्र भाजून झाल्यावर दोघांच्या मध्ये पाणी आणि बारीक कुरुंदाची पूड घालून झाकण जागच्या जागी फिरवत राहतात. कुर्रकुर्र आवाज येतो. हळूहळू तो आवाज बारीक होत जातो. दोन्ही कडा एकमेकींना झिजवतात आणि एकमेकींच्या होतात. त्या झाकणाला दुसरं भांडं नाही आणि त्या भांड्याला दुसरं झाकण नाही.

घासून झाल्यावर त्यांनी भांडं धुतलं, पाणी भरलं आणि माझ्यासमोर ओतायला लागले. चांगली एकसंध धार. मग झाकणावरच्या बारीक भोकावर त्यांनी बोट ठेवलं. धार थांबली. भांडं तिरकंच, आत पाणी तसंच, आणि तोटीच्या टोकाला एक थेंब लोंबकळत राहिला. बोट उचललं, धार सुरू. आत हवा शिरायला त्या भोकाशिवाय वाटच नव्हती, इतकं झाकण घट्ट.

मी तीच क्यूसू हवी म्हटलं. ते ती कागदात गुंडाळायला लागले, थांबले आणि विचारलं, "मिगिकिकि देस का?" उजव्या हाताच्या ना तुम्ही?

मी म्हटलं, "हाय." हो.

मागच्या फळीवर दोन-तीन क्यूसू दांडा दुसऱ्या अंगाला असलेल्या होत्या. हिदारिकिकि, डावखुऱ्यांसाठीच्या. मी त्या पाहिल्या. किती बारकाईने विचार करतात ही माणसं, असं मनात आलं, आणि पैसे देऊन निघाले. हे भांडं मी आईकडे घेऊन जाणार होते. आईबरोबर चहा प्यायचा म्हणूनच घेत होते.

घरी आल्यावर पहिला प्रश्न साबणाचा आला. या क्यूसूला झिलई नाही, साबणाचा वास मातीत राहतो, म्हणून नुसत्या गरम पाण्याने धुवायची आणि झाकण काढून सुकू द्यायची. आईला हे कसं सांगावं याची मी मनात तयारी करून ठेवली होती. तिने एका वाक्यात निकाल लावला. "बिडाच्या तव्याला मी साबण लावते का कधी?"

मातीही तिने बोटाने वाजवून पाहिली. टणक, जवळजवळ धातूसारखा आवाज. आमचा कुंभारवाड्यातून आणलेला माठ असा वाजत नाही. तो कमी आचेवर भाजलेला असतो, त्याच्या अंगात बारीक छिद्रं राहतात, त्यातून पाणी झिरपतं आणि म्हणूनच गार होतं. क्यूसू अकराशे अंशांच्या वर भाजतात, माती आवळून येते, पाणी झिरपत नाही. लाल रंग दोघांचाही लोहाचाच. आणि काळ्या रंगाच्या क्यूसू असतात त्या धुरात कोंडून पुन्हा भाजलेल्या, आपली काळी मडकी होतात तशाच. आई माठाशेजारी क्यूसू ठेवून म्हणाली, "भाचीच दिसते याची."

सेनचाचं मात्र तिला पटायला वेळ लागला. आमच्या घरी चहा म्हणजे आलं ठेचून, साखर घालून, उकळून उकळून लाल केलेला, वर दूध, आणि पावसात गवती चहाची पात. उकळण्याशिवाय चहा ही कल्पनाच तिला अपुरी वाटायची. मी तिला दाखवलं. उकळलेलं पाणी आधी कपात ओतायचं. एका भांड्यातून दुसऱ्यात गेलं की पाणी साधारण दहा अंशांनी उतरतं, कपही गरम होतो आणि मापही कळतं. सत्तर ते ऐंशी अंशांवर आलं की ते क्यूसूतल्या पानांवर घालायचं. दोघींसाठी दोन लहान चमचे पानं पुरतात. मिनिटभर हलवायचं नाही. गोडसर चव कमी आचेवरही पाण्यात उतरते, कडू-तुरटपणाला जास्त कढत पाणी लागतं. म्हणून पहिलं पाणी कोमट-गरम. मग दोन्ही कपांत आळीपाळीने थोडं थोडं ओतायचं, म्हणजे दोघींचा चहा सारखाच. आणि शेवटचा थेंब येईपर्यंत ओतायचं. आत पाणी राहिलं तर पानं मुरत राहतात आणि दुसरं पाणी कडू होतं. तो शेवटचा थेंब सगळ्यात दाट असतो.

पहिल्या दिवशी आई म्हणाली, "पालकाच्या पाण्यासारखं लागतंय." तिसऱ्या दिवशी काही बोलली नाही. दहाव्या दिवशी दुपारी साडेतीनला तिनेच पाणी ठेवलं.

मग दुसरं पाणी, जरा अधिक गरम, पण पानं उमललेली असतात म्हणून दहा-पंधरा मोजायचे, बस. मग तिसरं. या तीन पाण्यांसाठी टेबलाशी बसून राहावं लागतं. आमचा उकळलेला चहा आई कधीच बसून प्यायली नव्हती. ती गाळायची, सगळ्यांना द्यायची, मग स्वतःचा कप ओट्यावर ठेवून भांडी आवरायची आणि निवल्यावर उभ्या उभ्या संपवायची. बाबा असताना, भाऊ घरात असताना, पाहुणे असताना. आता आम्ही दोघीच आहोत आणि दोन कपांच्या भांड्यापाशी उठून जाण्यासारखं काही कामच उरत नाही. दुसऱ्या पाण्याला ती बोलायला लागते.

अशाच एका दुसऱ्या पाण्याला तिने तिच्या शाळेचं सांगितलं. वाईजवळच्या तिच्या गावातली शाळा. पाटीवर डाव्या हाताने लिहिलं की पट्टी बसायची. मग मास्तरांनी तिचा डावा हात रुमालाने बाकाला बांधून ठेवायला सुरुवात केली. घरी आजीही म्हणायची, देवाला डावा हात लावू नकोस, ताटाला लावू नकोस, वाढू तर मुळीच नकोस. ती लिहायला उजव्या हाताने शिकली. जेवते उजव्या हाताने. बाकी सगळं, जे कुणी बघत नव्हतं ते, डाव्या हाताने करत राहिली. मी तिला रोज बघत होते आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आई डावखुरी आहे एवढंच ठाऊक होतं, जसा तिचा चष्म्याचा नंबर ठाऊक आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात मी ऑफिसला असताना तिने एकटीने क्यूसूत चहा केला. ओतताना डाव्या हाताने उचलली. मनगट बाहेर वळलं, अंगठा झाकणावरून सुटला, झाकण घसरून ओट्याच्या कडप्प्यावर आपटलं. फुटलं नाही, पण कडेचा टवका उडाला, तांदळाच्या दाण्याएवढा.

संध्याकाळी मी आले तेव्हा ती खुर्चीत बसलेली होती. क्यूसू समोर, स्वच्छ पुसून ठेवलेली. टवका तिने जपून कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवला होता. "माझ्या डाव्या हाताने काही धड होत नाही बघ," ती म्हणाली. बहात्तर वर्षांच्या बाईचा आवाज नव्हता तो.

मी तिला सांगितलं, दुकानात काय झालं होतं ते. त्या माणसाने विचारलं होतं, आणि मी फक्त स्वतःचा हात डोळ्यांपुढे आणून उत्तर दिलं होतं. चूक हाताची नाही, भांड्याचीही नाही. ते भांडं ज्या हातासाठी केलं त्या हाताशी ते अगदी खरं आहे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे डाव्या हाताचं मिळतं?"

"मिळतं."

"मुद्दाम करतात?"

"मुद्दाम करतात."

ती बराच वेळ काही बोलली नाही.

आमच्याकडे जपानहून येणाऱ्या सहकाऱ्यांपैकी एकाला मी निरोप पाठवला. तिशीतला मुलगा आहे. त्याच्या स्वतःच्या घरी क्यूसू नाही. त्याने सांगितलं की तो बाटलीतला चहा पितो, आजीकडे गेलं की तेवढी क्यूसू दिसते. तिकडे हे आता बऱ्याच घरांत असंच आहे. 1990 पासून गार चहा प्लॅस्टिकच्या बाटलीत मिळायला लागला आणि दोन कपांसाठी कोण बसणार असं झालं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पण तो मुलगा एका शनिवारी मुद्दाम तोकोनामेला गेला, आणि पुढच्या खेपेला चाकणला येताना हातातल्या बॅगेत, कपड्यांच्या घड्यांमध्ये, डाव्या हाताची क्यूसू घेऊन आला. ही काळी आहे, तांबडीपेक्षा किंचित बुटकी, आणि तिच्या अंगावर समुद्रशैवाल गुंडाळून भाजल्याच्या बारीक तांबूस रेघा आहेत.

तांबडी अजून वापरात आहे. झाकणावरच्या भोकावर बोट ठेवलं तर आता तिची धार थांबत नाही, टवक्याच्या फटीतून हवा आत शिरते. टवका दांड्याकडे येईल असं झाकण फिरवून ठेवलं तर सांडत मात्र नाही.

काळी आली त्या दिवशी आईने पाणी ठेवलं, कपात ओतून निववलं, पानांवर घातलं. मिनिट मोजलं. मग डावा हात पुढे केला. दांडा मुठीत आला, अंगठा झाकणावर बसला, मनगट आतल्या बाजूला वळलं आणि धार कपाच्या बरोबर मध्ये पडली. कोपर जागचं हललं नाही. थोडं माझ्या कपात, थोडं तिच्या, पुन्हा माझ्या, पुन्हा तिच्या. शेवटी तिने भांडं उभं धरून ठेवलं, एक थेंब, दुसरा थेंब, अजून एक. मग मधेच भोकावर उजव्या हाताचं बोट ठेवून पाहिलं, तोटीला लटकलेल्या थेंबाकडे बघत.

"हे करणारा माणूस डावखुरा असेल का गं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, विचारून सांगते.